बुडबुडे प्या, पण लेबल वाचून!

"भाऊ, एक बिसलेरी द्या" म्हटलं की पाचोऱ्यातला दुकानदार हाताला लागेल ती पाण्याची बाटली देतो. कंपनी कोणतीही असो, आपल्यासाठी ती बिसलेरीच! हे नाव इटलीच्या फेलिचे बिस्लेरी यांचं. 1965 मध्ये ठाण्यात हे पाणी बनायला लागलं आणि 1969 मध्ये पार्लेने ती कंपनी घेतली. तेव्हा ते काचेच्या बाटलीत मिळायचं, साधं आणि बुडबुडेवालंही.

आता बुडबुडेवालं पाणी पुन्हा फॅशनमध्ये आलंय. नाव 'स्पार्कलिंग मिनरल वॉटर' आणि किंमत साध्या सोड्याच्या कितीतरी पट. दोस्तांनो, आवडत असेल तर बिनधास्त प्या. पण आपण पैसे पाण्याचे देतोय की त्यावरच्या शब्दांचे, एवढं तरी बघा.

असं पाणी निसर्गात तयार होतं, हे खरं आहे. ज्वालामुखीच्या प्रदेशात जमिनीखालून निघणारा कार्बन डायऑक्साइड दाबामुळे भूजलात विरघळतो. पाणी वर आलं की दाब कमी होतो आणि बुडबुडे सुटतात. आपल्या खानदेशचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चोपडा तालुक्यात उनपदेवला गोमुखातून गरम पाणी येतं, पण सोड्यासारखं फसफसत नाही.

आता बाटलीची गंमत ऐका. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध 'पेरिए'मध्येसुद्धा पाणी आणि गॅस बाटली भरताना एकत्र करतात. युरोपात 'नैसर्गिक मिनरल वॉटर' निर्जंतुक करायला परवानगी नाही. तरी 2024 मध्ये नेस्ले कंपनीला मान्य करावं लागलं, की पेरिएसह काही पाण्यांवर अतिनील किरणं आणि कार्बन फिल्टर वापरले होते. पाणी शुद्ध करणं हा काही गुन्हा नाही. पण शुद्ध करायचं आणि वर 'नैसर्गिक' म्हणून जास्त पैसे घ्यायचे, हे पटत नाही.

त्यापेक्षा आपला गोटी सोडा प्रामाणिक! 1872 मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या गॅसचा दाबच गोटीला वर रबरी रिंगवर दाबून धरतो. गॅस सिलिंडरमधला, हे सगळ्यांना माहीत असतं. सोडावाला कधी म्हणत नाही, की माझं पाणी डोंगरातून आलंय.

शब्दांचा खरा घोळ आपल्या रोजच्या पाण्यात आहे. 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे बोअरचं, विहिरीचं, नळाचं, कुठलंही पाणी शुद्ध करून भरलेलं. 'नॅचरल मिनरल वॉटर' म्हणजे ठरावीक भूगर्भीय स्रोताचं, तिथेच भरलेलं. दोन्हींसाठी भारतीय मानकं वेगळी आहेत. आणि लग्नात, गॅदरिंगला येणारा थंड पाण्याचा जार? त्याला आपण सर्रास 'मिनरल' म्हणतो, पण बऱ्याच जारवर लेबलच नसतं. उन्हाळ्यात पारा 45 कडे सरकला की कोण कशाला विचारतोय!

पण विचारायला हवं. बाटलीवर 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि पाण्याचा प्रकार बघायला दहा सेकंद लागतात. पुढच्या गॅदरिंगला जार मागवताना पाणी कुठलं आणि परवाना आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. उत्तर मिळालं नाही, तर जार बदला.