काटोलचे अशनी आणि हिंगोलीची काळी माती

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर कार्यालय जवळच होते. पुढील काही दिवसांत सुमारे ३० तुकडे, एकूण १३ किलोच्या आसपास, जमा झाले. सर्वांत मोठा तुकडा जेमतेम किलोभराचा. मे महिना असल्याने शेते मोकळी होती आणि घटना दिवसाउजेडी घडली, हेही सुदैवच.

हाच वर्षाव हिंगोली जिल्ह्यात, समजा सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यात, पेरणीच्या हंगामात रात्री झाला तर? काळ्या मातीत मुठीएवढा काळा दगड पहिल्याच पावसात रुतून बसेल आणि त्यातील लोखंड गंजू लागेल. त्यात हा सारा मुलूख बेसाल्टचा. बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असल्याने लोहचुंबक त्याला थोडाफार चिकटतो; त्यामुळे घरगुती परीक्षा येथे फसवी ठरते. शिवाय चुंबक लावल्याने अशनीतील मूळ चुंबकत्वाची नोंदच पुसली जाते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

खरी निकड आहे ती सापडल्या जागेच्या नोंदीची. फुटलेल्या अशनीचे तुकडे लंबगोलाकार पट्ट्यात विखुरतात. हलके अलीकडे पडतात, जड पुढे जातात. प्रत्येक तुकड्याचे वजन व ठिकाण ठाऊक असेल तर येण्याची दिशा कळते, आणि चित्रफितींची जोड मिळाल्यास मूळ कक्षेचाही माग लागतो. जागा न नोंदता गोळा केलेला दगड या कामी निरुपयोगी. वेळेचेही तसेच. अवकाशातील प्रारणांमुळे तयार झालेल्या व्हॅनेडियम-४८ चे प्रमाण १६ दिवसांत निम्मे होते. प्रयोगशाळेत महिन्याने पोहोचलेला दगड ही माहिती बरीचशी गमावून बसलेला असतो.

वर्गीकरण मात्र सावकाश होऊ शकते. काटोलचा अशनी 'एल-६' कॉन्ड्राइट ठरला. 'एल' म्हणजे एकूण लोह कमी. '६' म्हणजे मूळ लघुग्रहावर इतका तापलेला, की त्यातील गोलाकार कण पुसट झाले. आंतरराष्ट्रीय मान्यतेसाठी एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना संस्थेत जतन करावा लागतो. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात विपुल, पण भूपृष्ठावर दुर्मीळ असे ब्रिजमनाइट हे खनिज काटोलच्याच दगडात सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आकाशातून आलेले सारेच अशनी नसतात, हेही खरे. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरीत धातूचे भलेमोठे कडे पडले. आकाशातील प्रकाशरेषा पाहून अनेकांना उल्कावर्षावच वाटला. प्रत्यक्षात ते अग्निबाणाचे अवशेष होते. कडे मोठे असल्याने ते प्रशासनाच्या ताब्यात आले. लहान दगडाच्या वाट्याला हे भाग्य येईलच असे नाही.

औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या जिल्ह्यात शेतकऱ्याने दगड उचलण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे जागेवरील छायाचित्र घ्यावे, तो न धुता कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळावा आणि तलाठ्याने तो तहसीलमार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचवावा, एवढी व्यवस्था अवघड नाही. देशातील अशनींची अधिकृत जबाबदारी याच विभागाकडे आहे.