हनुवटीखालचा पट्टा

सकाळी दहा ते साडेदहाच्या सुमारास शाळेच्या सायकल-स्टँडपाशी जो कोणी उभा राहील, त्यास आमच्या विद्यार्थ्यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही कळून येईल. कोणाची चेन सैल, कोणाची घंटी मुकी, कोणाचा मागचा ब्रेक नावापुरता. तर कोणाची सायकल जुनी असूनही अशी पुसून-तेल घालून ठेवलेली की पाहून समाधान वाटावे. अलीकडे या स्टँडवर आणखी एक वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे हेल्मेट, किंवा जुन्या भाषेत बोलावयाचे तर शिरस्त्राण. थोड्या मुलामुलींपाशी का होईना, ते आले ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जरा निरखून पाहिले असता असे आढळते की, काही हेल्मेटे हँडलला परडीसारखी टांगलेली असतात. आणि जी डोक्यावर असतात, त्यांतीलही कित्येकांचे पट्टे दोन्ही कानांजवळ मोकळे लोंबत असतात, अथवा बक्कल लावलेले असले तरी पट्टा इतका सैल असतो की त्यातून सबंध मूठ जावी.

हेल्मेट डोक्यावर ठेवणे आणि हेल्मेट घालणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. वार्षिकांकात शिक्षकाने ज्ञान, चारित्र्य, देशसेवा अशा थोर विषयांवर लिहावे, पट्ट्या-बक्कलांवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. तथापि हा लेख लिहिण्यास एक कारण घडले आहे, आणि ते सांगताना मला माझीच चूक सांगावी लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात नववीतील एक विद्यार्थी स्टँडवर सायकल लावीत असता मी तेथून जात होतो. त्याच्या डोक्यावर नवे हेल्मेट होते. मी त्याची पाठ थोपटली आणि चार मुलांदेखत म्हणालो, “शाबास! असे हेल्मेट घालून येत जा.” पट्टा मोकळा लोंबत होता, तो मी पाहिला होता, पण हेल्मेट आणले हेच पुष्कळ झाले असे मनात येऊन मी काही बोललो नाही. त्याच दिवशी सायंकाळी गावाकडे परत जाताना एका मोरीजवळ ओल्या गिट्टीवर त्याचे चाक घसरले. पहिल्याच हिसक्यासरशी हेल्मेट डोक्यावरून उडून खालच्या बांधीत जाऊन पडले, आणि उघडे कपाळ मोरीच्या दगडावर आपटले. मुलगा वाचला. परंतु पुढे कित्येक महिने तो वर्गात बसला की त्याचे डोके दुखे, पाढे अर्ध्यावर विसरत, फळ्यावरची अक्षरे त्यास फार वेळ पाहवत नसत. त्याचे एक वर्ष गेले. ते हेल्मेट कोणीतरी बांधीतून उचलून आणले, तेव्हा त्यावर साधा ओरखडाही नव्हता. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

असे का घडते, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच वाचले आहे. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे गतिमान वस्तू आपली गती सोडू इच्छीत नाही. चाक अडले, तरी स्वार पुढे जातो. आणि जे स्वाराला बांधलेले नाही, ते स्वाराहून निराळ्या वाटेने जाते. पट्टा मोकळा असेल, तर डोके आणि हेल्मेट हे दोन स्वतंत्र पदार्थ होत. पट्टा नीट बसला म्हणजेच ते एक होतात. आता उंचीचा हिशोब करा. दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीस टेकतेवेळी सेकंदास सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने येते. सायकलवर बसलेल्या मुलाचे डोके साधारण याच उंचीवर असते. म्हणजे सायकल उभी असताना तोल जाऊन पडले, तरी आघात लहान नव्हे. हेल्मेटच्या आत जो हलका, थर्मोकोलसारखा थर असतो, तो चिरडून जाण्यासाठीच असतो. दगडावर उघडे डोके दोन मिलिमीटरांत थांबत असेल आणि या थरामुळे ते वीस मिलिमीटरांत थांबले, तर थांबण्याचे अंतर दसपट होऊन सरासरी बल दहाव्या हिश्शावर येते. हेल्मेटची सारी करामत या दोन सेंटिमीटरांत आहे. मात्र आघाताच्या क्षणी ते दोन सेंटिमीटर डोके आणि दगड यांच्या मध्ये हजर असले पाहिजेत. युरोपातील ईएन १०७८ या मानकानुसार हेल्मेट सपाट पृष्ठावर याच वेगाने आदळवून पाहतात. शिवाय मागची कड ओढून ते डोक्यावरून निसटते काय, याचीही निराळी परीक्षा घेतात. पट्टा न बांधता वापरणाऱ्यास या परीक्षांतील यशाचा उपयोग नाही.

डोक्याच्या रक्षणाचा हा विचार वैद्यकशास्त्रात कसा दृढ झाला, त्याची हकीकत मनोरंजक आहे. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स हे १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून जात असता समोर सायकलवरची दोन मुले आली. त्यांस वाचविण्याच्या प्रयत्नात लॉरेन्स फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूने त्यांच्या मनास चटका लावला. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास आरंभिला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील निरोप्या मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे झाले. सायकलींविषयी म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सायकलस्वारांसाठी असा कायदा जगात प्रथम केला. पुढे २०१६ साली चाळीस अभ्यासांतील ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासण्यात आली, तेव्हा हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याच्या गंभीर दुखापतीचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्या देशात सायकलस्वारास हेल्मेटची सक्ती नाही, मोटारसायकलस्वारास आहे. परंतु त्या कायद्यातील, म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमातील, एक गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावी. तेथे शिरस्त्राण म्हणजे काय हे सांगताना दोन लक्षणे दिली आहेत: एक, त्याची घडण इजा टाळण्याजोगी असावी, दुसरे, ते पट्ट्याने अथवा बंधनाने डोक्यास घट्ट बांधलेले असावे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही मोकळ्या पट्ट्याचे हेल्मेट हे हेल्मेटच नव्हे! असे असता चौकात पोलीस दिसेपर्यंत ते कोपरात अडकवून ठेवणारे आणि चौक ओलांडताच पुन्हा काढणारे वडील मुले रोज पाहतात. मुले आपल्या उपदेशाकडे लक्ष देत नाहीत, अशी आपण तक्रार करितो. आपल्या वागण्याकडे मात्र ती फार बारीक लक्ष देतात.

पालकांस आणखी एक विनंती आहे. आपल्याकडे मुलांचा गणवेश वाढीच्या अंगाचा शिवण्याची रीत आहे, आणि ती काटकसरीची व शहाणपणाची आहे. पुढच्या वर्षी होईल म्हणून चप्पल एक माप मोठी घेतली, तरी चालते. पण हेल्मेट या रीतीने घेऊ नये. मोठे हेल्मेट पट्ट्याने कितीही आवळले, तरी ते डोक्यावर फिरतच राहते. दुकानात मुलास सोबत न्यावे, डोक्याचा घेर दोऱ्याने मोजावा, आणि आजच्या डोक्याचेच हेल्मेट घ्यावे.

आता पट्टा कसा बसवावा, ते सांगतो. प्रथम हेल्मेट आडवे, सपाट ठेवावे. भुवई आणि हेल्मेटची कड यांत दोन बोटांहून अधिक अंतर नसावे. मागे मापाची चकती असल्यास ती हेल्मेट हलणार नाही इतकी फिरवावी. प्रत्येक कानाच्या पुढून व मागून येणारे दोन पट्टे कानाच्या पाळीच्या किंचित खाली एकत्र यावेत. तेथील सरकती कडी वरखाली करून ते साधते. मग हनुवटीखाली बक्कल लावावे, आणि पट्टा व हनुवटी यांत एक, फार तर दोन बोटे जातील इतके आवळावे. शेवटी परीक्षा घ्यावी: तोंड मोठे उघडले असता हेल्मेट डोक्यावर दाबल्यासारखे वाटले पाहिजे, आणि तळहाताने पुढची कड वर ढकलली असता कपाळ उघडे पडता कामा नये. पट्टे हळूहळू सैल होतात, म्हणून ही परीक्षा आठवड्यातून एकदा तरी घ्यावी. एकदा जबर आपटलेले हेल्मेट, वरून चांगले दिसले तरी, पुन्हा वापरू नये. त्याच्या आतील थराने आपले काम करून टाकलेले असते.

मुलींची अडचण निराळी आहे, आणि तिचा दोष काही अंशी आम्हा शिक्षकांकडे येतो. वर दुमडून फितींनी बांधलेल्या दोन वेण्यांवर हेल्मेट बसत नाही. ते वर उचलले जाते आणि पट्टा कितीही ओढला तरी निरर्थक होतो. सायकलने येणाऱ्या मुलींस मानेपाशी सैल सोडलेल्या वेण्यांची मोकळीक शाळेने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच उन्हासाठी डोक्याभोवती गुंडाळलेल्या जाड ओढणीवर हेल्मेट घसरते. ओढणी चेहऱ्यास व मानेस बांधावी, डोक्यावर तिची घडी नसावी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकली मिळू लागल्यापासून आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी मुली शाळेस येऊ शकल्या. सायकलीने त्यांस शाळा दिली. त्यांचे डोके सांभाळण्याची रीत शिकविणे हे आता आपले काम आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला उन्हाचा. चंद्रपूरचा वैशाख कसा असतो हे मला कोणी सांगावयास नको. परंतु सायकलचे हेल्मेट हलके असून त्यात वारा खेळण्यास खाचा असतात. आणि हनुवटीखालच्या बोटभर पट्ट्याने कोणास ऊन अधिक लागत नाही. दुसरा आक्षेप कौशल्याचा: “सर, मी कधी पडत नाही.” मार्च २००३ मध्ये फ्रान्समधील पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह हा कझाकस्तानचा नामांकित सायकलपटू हेल्मेटविना पडून मरण पावला, आणि त्यानंतर त्याच वर्षी व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले. किव्हिलेव्हहून आपण निष्णात आहोत, असे नववीतील कोणी म्हणणार असेल, तर माझे बोलणे खुंटले.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. एटापल्लीच्या बाजूस लोहखनिजाचे आणि चंद्रपूर-राजुऱ्याच्या बाजूस कोळसा व सिमेंटचे अवजड ट्रक धावतात; त्यांच्यापुढे हे थर्मोकोल काय करणार? काहीच नाही, हे मी मान्य करितो. त्यासाठी रस्ते रुंद हवेत, शाळेच्या वेळी ट्रकांस आळा हवा, आणि ते मागण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे. परंतु मूल प्रत्येक वेळी ट्रकखालीच सापडते असे नाही. गिट्टीवर घसरणे, खड्ड्यात चाक जाणे, आडवे आलेले कुत्रे, बकरी वा रानडुक्कर, यांनीही ते पडते. आणि तेथे पट्ट्याचा उपयोग आहे. चौथा आक्षेप पैशांचा, आणि तोही खरा आहे. ज्यांस हेल्मेट घेणे परवडत नाही, त्यांस कोणी बोल लावू नये. पण ज्यांनी घेतले आहे, त्यांना पट्टा बांधण्यास एक पैसाही पडत नाही.

एक सूचना उलट बाजूचीही करितो. सायकलवरून उतरल्यावर हेल्मेट काढून ठेवावे. वाटेत जांभूळ किंवा चिंच दिसली की आमची मुले दप्तरासह झाडावर चढतात. पट्टा बांधलेले हेल्मेट फांद्यांत अडकल्यास गळ्यास फास बसू शकतो. खेळाच्या जागी लहान मुलांच्या बाबतीत असे अपघात परदेशांत घडले आहेत. वस्तू तिच्या कामापुरती, आणि त्या कामाला पुरी: असा नियम ठेवावा.

आमच्या शाळेपुरते करता येण्याजोगे काम लहानसेच आहे. दर सोमवारी प्रार्थनेपूर्वी दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्टँडपाशी उभे राहून धाकट्या मुलांचे पट्टे तपासावेत व बसवून द्यावेत. दंड नको, पाटीवर नाव नको. धाकट्या भावंडाची गुंडी लावून द्यावी, तितक्याच सहजतेने हे व्हावे. मी स्वतः त्या वेळी तेथे उभा राहीन. माझ्याकडून राहून गेलेले एक वाक्य आता रोज बोलावे, असे मी ठरविले आहे: “शाबास बाळ, आता जरा पट्टा बघू.”