सह्याद्री उभा, आपले मार्ग आडवे

सप्टेंबर संपायच्या आत बहुतेक सायकल क्लबांच्या वह्यांत हिवाळी सहली लिहून झालेल्या असतात. ताम्हिणी उतरून माणगाव, वरंधा उतरून महाड, कुंभार्ली उतरून चिपळूण, आंबा उतरून साखरपा. यादी दरवर्षी तीच. देशावरून दामटत घाटमाथा गाठायचा, घाटाच्या पाटीपाशी फोटो काढायचा, तासाभरात कोकणात उतरायचे आणि येताना सायकली टेम्पोत टाकायच्या. सह्याद्रीच्या नावाने काढलेल्या सहलीत सह्याद्रीच्या वाट्याला येतो तो हाच तासभर.

यात दोष घाटांचा नाही. घाट मालासाठी झाले. नाणेघाटातला सातवाहनकालीन लेख आणि तिथला दगडी रांजण पाहिला की कळते, या वाटा बंदर आणि बाजारपेठ जोडायला होत्या. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तोही त्याच हिशेबाने. बैलगाडीवाल्याला डोंगरात एक रात्रसुद्धा जास्त काढायची नव्हती. सायकलवरून भटकणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते, तरी तो बैलगाडीचाच रस्ता धरतो. डोंगररांग उत्तर-दक्षिण उभी पसरली आहे आणि आपण ती आडवी कापतो.

उभा मार्ग कसा असतो, हे कोयना नदी दाखवते. पश्चिम घाटात उगम पावून पठारावरून वाहणाऱ्या बहुतेक नद्या लगेच पूर्वेची वाट धरतात. कोयना महाबळेश्वरहून निघते ती दक्षिणेकडे. सुमारे ६५ किलोमीटर ती डोंगराला समांतर वाहते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या खोऱ्याच्या दिशेने महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कास, सातारा, तिथून ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावरून पाटण, पुढे शाहूवाडीच्या अंगाने गगनबावडा, राधानगरी, गारगोटी, आजरा आणि शेवटी आंबोली असे टप्पे जोडले, तर कोकणात एकदाही न उतरता आठ-दहा दिवस घाटमाथ्यावर राहता येते. तुकड्या-तुकड्यांनी हे सगळे रस्ते अनेकांनी केले आहेत. सलग सहल म्हणून त्यांची आखणी क्वचितच होते, आणि होते तेव्हा चुकीच्या मापाने होते.

चुकीचे माप म्हणजे किलोमीटर. पहिलाच टप्पा पाहावा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण पातळी ६५९ मीटर. तापोळ्यापर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ ७०० मीटर उतार. रिम ब्रेक असलेली, मागे पॅनिअर लादलेली सायकल या उतारावर सतत ब्रेक दाबून आणली, तर रिमला बोट लावता येत नाही. उतार उतरायचा तो वळणाआधी थोडा वेळ जोरात ब्रेक, मग सोड, पुन्हा जोरात, पुन्हा सोड, अशा पद्धतीने. टूर लीडरने हे सकाळी चहाच्या टपरीवर सांगायचे असते. उतारावर मागून ओरडून सांगितलेले कुणाला ऐकू जात नाही.

तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची खोरी पाण्याने एक झाली आहेत. इथून बामणोलीला लाँच जाते. सायकल लाँचवर चढवताना पॅनिअर काढून घ्यावेत, सायकल चेनची बाजू वर करून आडवी ठेवावी आणि पुढचे चाक दोरीने कठड्याला बांधावे. बरोबरच्या प्रवाशांत बाजारहाट करून परतणाऱ्या बायका असतात, पिठाचे डबे असतात, एखादी शेळीही असते. बोट त्यांच्यासाठी आहे. बारा सायकली एकदम घेऊन धक्क्यावर उभे राहणाऱ्या गटाने दोन फेऱ्यांत जावे, किंवा वेगळी बोट ठरवावी आणि तिचे पैसे मोजावेत.

बामणोलीहून कासचे पठार सुमारे १२०० मीटरवर. अंतर पंधराएक किलोमीटर, चढ साडेपाचशे मीटर. इथे हिशेब समोरासमोर करून टाकू. पुढे ३४ दात्यांची चकती, मागेही ३४ दात्यांची. पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, म्हणजे साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. ज्याला सामानासकट तेवढेही जमत नाही त्याला पुढे आणखी लहान चकती हवी, नाहीतर उतरून सायकल ढकलावी लागते. सामान लादलेल्या साध्या माणसाने तासाला ३०० ते ३५० मीटर उंची चढली तरी पुष्कळ झाले. म्हणजे या पंधरा किलोमीटरांना पावणेदोन-दोन तास. ‘आज फक्त चाळीस किलोमीटर’ असे आदल्या रात्री सांगून नवख्यांना झोपवणाऱ्या लीडरला दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.

लहान चकती लावण्यात किंवा सायकल ढकलण्यात कमीपणा कसला? फ्रान्समधल्या सेंट-एतियेनचे पॉल द विव्ही, ज्यांना सगळे ‘वेलोसिओ’ म्हणत, ते स्वतः सायकलच्या मासिकाचे संपादक होते. डोंगर चढायला गिअर बदलण्याची सोय हवी, असे ते आयुष्यभर मांडत राहिले. तूर द फ्रान्स शर्यतीने गिअर बदलणारे डिरेलर वापरायला परवानगी दिली ती १९३७ मध्ये, वेलोसिओंच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. शर्यतीची अढी सहलीच्या गळ्यात बांधण्याची खोड जुनीच आहे.

मुक्काम कुठे करायचा, यासाठी उपग्रहाच्या नकाशापेक्षा एसटीचे वेळापत्रक जास्त उपयोगी पडते. ज्या गावाला मुक्कामी गाडी जाते, ते सायकलच्या मुक्कामाचेही गाव. तिथवर बस चढते म्हणजे चढ माणसांत बसणारा आहे आणि पावसाळ्यानंतर रस्ता शिल्लक आहे. चालक-वाहक रात्री कुठेतरी झोपतात आणि पहाटे कुणीतरी त्यांना चहा करून देते. सायकल मोडलीच तर पहाटेच्या गाडीच्या टपावर टाकून तालुक्याला नेता येते, किंवा वडापवाल्याला गळ घालता येते. पंक्चरचे दुकान गावात नसले तरी हवा भरायचा पंप कुणाकडे असतो, हेही वाहकालाच ठाऊक असते.

या पट्ट्यातल्या वस्त्यांवर घरटी एक तरी माणूस मुंबईत आहे. जावळी आणि पाटण तालुक्यांनी मुंबईच्या बाजारांना कित्येक पिढ्या माथाडी पुरवले. गावात उरतात म्हाताऱ्या, सुना आणि शाळकरी पोरे. अशा घरात वीस जणांनी संध्याकाळी सहाला टपकून पिठले-भाकरी मागणे हा पाहुणचार नसून उपद्रव आहे. दोन दिवस आधी फोन, आगाऊ पैसे, आणि गटात आठ-दहांपेक्षा जास्त माणसे नकोत. पैसे कुठे खर्च करावेत याचीही चांगली ठिकाणे वाटेवर आहेत. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव ठरले. मार्गाच्या दुसऱ्या टोकाजवळ भुदरगड तालुक्यातले पाटगाव, मौनी महाराजांच्या मठाचे, तेही मधाचेच गाव. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. पण बरोबर आणलेल्या नूडल्सच्या पाकिटांवर जेवणारे गट त्याच गावातून जातात!

रानाचे नियम वेगळे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर. त्याच्या आतली एकही वाट ‘शॉर्टकट’ म्हणून मार्गात धरू नये, जीपीएसवर कुणी रेघ टाकली असली तरी. परवानगीशिवाय ती सायकलची वाट नाही. राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचे, गव्यांसाठी राखलेले. तिथला सार्वजनिक रस्ता उजाडल्यावर धरावा आणि दिवस मावळायच्या आत सोडावा. गवा दिसला की घंटी वाजवायची नाही आणि मोबाईल काढत पुढे सरकायचे नाही. सायकलवरून उतरून, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून थांबायचे. कळपातले शेवटचे वासरू पार होईस्तोवर रस्ता त्यांचा. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात भरतो. त्याच्यापुढे हेल्मेट कामाचे नाही.

रात्री सायकल चालवण्याची सवय आपल्याकडे ब्रेव्हेंमुळे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर कापण्याच्या सायकल-फेऱ्यांमुळे आली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ही शिस्त महामार्गावर शोभते. गारगोटी-आजऱ्याच्या बाजूला नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि ऊस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात अशा ट्रॉलीला ओलांडू पाहणाऱ्याला पहिली ट्रॉली दिसते, दुसरी दिसत नाही.

पावसाळ्यातल्या सहलींबद्दल एकदा स्पष्ट लिहायलाच हवे. धुके आणि धबधब्यांचे फोटो टाकून जुलै-ऑगस्टमध्ये घाटात नवख्यांना नेणे बंद व्हावे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातले तळीये आणि पाटण तालुक्यातले आंबेघर दरडींखाली सापडले, आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. दरड कोसळल्यावर गाडीतल्या माणसाभोवती निदान पत्रा तरी असतो. अनुभवी माणसाने आपल्या जबाबदारीवर जावे. शुल्क घेऊन इतरांना नेऊ नये.

उभ्या मार्गाचे सगळे टप्पे आजच पक्के आहेत असे नाही. शाहूवाडी ते गगनबावडा हा भाग दर पावसाळ्यानंतर नव्याने पाहावा लागतो. म्हणून वाचकांकडे एक मागणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यातला कोणताही टप्पा करणाऱ्याने त्याची टाचणवही या मासिकाकडे पाठवावी. सरासरी वेग आणि सेल्फी नकोत. हापसा कोणत्या वस्तीवर आहे, मुक्कामी एसटी कुठे थांबते, डांबर कुठे संपते, कुठल्या चढावर उतरून सायकल ढकलावी लागली आणि कोणत्या घरी जेवण मिळाले, एवढे लिहावे. घरच्यांची परवानगी घेतली असेल तरच त्यांचे नाव द्यावे. आलेली टिपणे जानेवारीच्या अंकात टप्प्यांच्या क्रमाने छापली जातील.