पन्नास मिनिटांचा करारनामा

ज्या पिढीला ठाणे आणि येरवडा या दोन स्थळांची ओळख भूगोलाच्या पुस्तकातून होण्यापूर्वीच, तेथील मनोरुग्णालयांच्या कृपेने, वडीलधाऱ्यांच्या चेष्टेतून झाली, त्या पिढीतील एखादा गृहस्थ सत्तरी ओलांडल्यावर एका खाजगी समुपदेशक बाईंची वेळ मागून घेतो आणि ठरल्या घटकेस मोबाइलच्या पडद्यासमोर जाऊन बसतो, ही गोष्ट मला तरी मोठी नवलाची वाटते. आमचे एक स्नेही भूमी अभिलेख खात्यात उभी हयात काढून निवृत्त झाले. पत्नी गेल्यावर त्यांची झोप उडाली, वर्तमानपत्रे घडी न मोडता पडून राहू लागली, आणि परदेशी असलेल्या मुलीने लकडा लावल्यामुळे अखेर त्यांनी ही वाट धरली. त्यांनी मोकळेपणाने सांगितलेली हकिकत ऐकून, आणि या व्यवसायातील परिचितांशी झालेल्या बोलण्यावरून, माझे असे मत बनले आहे की पहिल्या भेटीतील जो भाग आपल्याला निव्वळ कारकुनी वाटून कंटाळा आणतो, तोच या साऱ्या व्यवहाराचा पाया असतो.

बहुतेकांची कल्पना निराळी असते. पडदा उजळेल, समोरची व्यक्ती मृदू स्वरात एखादाच प्रश्न विचारील, आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले दुःख धो धो वाहू लागेल, असे चित्र चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवले आहे. प्रत्यक्षात भेटीच्या आधीच एक अर्ज आणि एक संमतिपत्र येते, आणि पहिल्या तासाचा निम्मा भाग त्यांतील तपशील उलगडण्यात जातो. आमच्या स्नेह्यांनी ते संमतिपत्र छापून घेतले, चष्मा पुसला, आणि सातबाराचा उतारा तपासावा तशी पेन्सिल हाती धरून समासात शंका टिपल्या. ‘काही अपवाद वगळता सर्व माहिती गुप्त ठेवली जाईल’ हे कलम दृष्टीस पडताच, अपवादांची तपशीलवार यादी मिळाल्याशिवाय आपण सही करणार नाही, असे त्यांनी बाईंना बजावले. बाई वयाने त्यांच्या मुलीहूनही लहान. परंतु त्या गडबडल्या नाहीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर, न्यायालयाने रीतसर आदेश दिला तर, आणि लहान मुलावरील लैंगिक अत्याचार कानावर आला तर, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये त्याची वर्दी देणे सर्वांनाच बंधनकारक आहे, अशी अपवादांची फोड त्यांनी केली. “आणि मुलीनं फोन करून विचारलं तर?” या प्रश्नावर त्यांनी स्पष्ट सांगितले, “काका, फी ताई भरत असल्या, तरी तुम्ही काय बोललात ते तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्यांना सांगणार नाही.” सही झाली ती या उत्तरावर.

२९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस आपल्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तथापि कायद्यातील हक्क आणि आपल्या कानांनी ऐकलेले आश्वासन यांत अंतर आहे, आणि मन उघडते ते दुसऱ्यामुळे. त्याच अर्जात आणखी एक रकाना असतो: संकटप्रसंगी कोणास कळवावे, आणि या क्षणी आपण नेमके कोणत्या पत्त्यावर बसला आहात. कित्येकांना ही चौकशी आगंतुक वाटते. दवाखान्यात बसलेल्या माणसाला घेरी आली तर डॉक्टर हाताशी असतो. शेकडो मैलांवरून बोलणाऱ्या समुपदेशकास पत्ता ठाऊक नसेल तर तो हळहळण्यापलीकडे काय करू शकणार?

अर्थात सही करण्यापूर्वी आपणही दोन प्रश्न विचारावेत, आणि ते विचारल्याने समोरच्याचा अधिक्षेप होतो अशी भीड बाळगू नये. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, जिला १९९२ च्या कायद्याने वैधानिक अधिकार दिले. समुपदेशक या नावाची पाटी लावण्यासाठी मात्र आजवर तितकी काटेकोर सनद लागलेली नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी झालेल्या राष्ट्रीय कायद्याच्या अनुसूचीत या मंडळींचा समावेश आहे खरा, पण अनुसूचीपासून अंमलबजावणीपर्यंतची वाट आपल्याकडे किती लांबते हे वाचकांस सांगायला नको. तोवर शिक्षण काय, आणि आपल्या कामावर कोणा अनुभवी व्यक्तीची देखरेख आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याविषयीचा निर्णय तिथेच सोपा होतो.

वेळ आणि पैसा यांचा विचार या विद्येच्या आद्य आचार्यानेही गौण मानला नव्हता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली उपचारांच्या आरंभाविषयी जो निबंध लिहिला त्यात मनाच्या गूढ व्यापारांइतकीच तासांची व फीची चर्चा आहे. रुग्णाला आपल्या दिवसातील एक ठरावीक तास जणू भाडेपट्ट्याने दिलेला असतो आणि तो आला नाही तरी त्या तासाचे मोल त्याने चुकवावे, हा त्यांचा दंडक होता. आजच्या संमतिपत्रात चोवीस तासांपूर्वी न कळवता भेट चुकवल्यास पूर्ण फी आकारली जाईल, असे जे कलम बहुधा आढळते, ते या दंडकाचेच वंशज होय. काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत एका भेटीची फी मोजणाऱ्याला हे कलम खुपते. पण ज्या तासाला किंमत नाही त्या तासाला आपण पाहुणा आला, नळाला पाणी आले अशा कोणत्याही सबबीवर तिलांजली देतो, हा आपला सर्वांचा स्वभाव आहे.

त्याच निबंधात फ्रॉइड यांनी, दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेले सोसवत नाही म्हणून आपण रुग्णाच्या मागे बसतो, अशी प्रांजळ कबुली दिली आहे. पडद्यावरच्या भेटीत नेमकी हीच सोय हिरावली जाते. दोन चेहरे हातभर अंतरावर एकमेकांना न्याहाळत राहतात, आणि कोपऱ्यातील चौकोनात आपलाच चेहरा आपल्याला दुःख सांगताना दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ-भेटींच्या थकव्याची मीमांसा करताना या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले होते. तेव्हा आपला चौकोन झाकण्याचे बटण पहिल्याच भेटीत शोधून ठेवावे. स्नेह्यांना ते सापडेपर्यंत त्यांचे निम्मे लक्ष आपली टोपी सरळ आहे की नाही याकडे होते.

पण खरा पेच चेहऱ्याचा नसून दाराचा आहे. आपल्या घरांत दारे लोटलेली असतात, लावलेली नसतात; आतून कडी लावली की पाच मिनिटांत कोणीतरी चहाला हाक मारते, आणि हाक न मारणारे भिंतीपलीकडे गप्प होतात, ते अधिक वाईट. स्नेह्यांच्या सूनबाई समंजस, तरी स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला की यांची जीभ थांबे. शेवटी त्यांनी सोसायटीच्या वाहनतळात उभ्या असलेल्या आपल्या मोटारीत बैठक मांडली, स्टीअरिंगला टेकून मोबाइल ठेवला, कानांत इयरफोन घातले. दुसऱ्याच खेपेला पहारेकऱ्याने काचेवर टकटक करून विचारले, “साहेब, घरात काही झालं का?” बाईंनी ते ऐकले, आणि पुढला काही वेळ, घरात खरोखर काय झाले याविषयीच बोलणे झाले. मोटार नसलेल्यांनी गच्ची, मित्राचे रिकामे घर, दुपारची वेळ, खोलीबाहेर लावून ठेवलेला रेडिओ, यांपैकी काहीतरी योजावे. आणि जोडणी तुटली तर कोणी कोणास फोन करायचा हे आधी ठरवून घ्यावे.

जोडणीचा प्रश्न वरवर क्षुल्लक, परंतु त्याने एक चमत्कारिक अडचण उभी राहते. समोरासमोरच्या भेटीतील मौन हे मौनच असते. पडद्यावर मात्र समोरची व्यक्ती गप्प आहे की नेटवर्क गेले आहे, हे उमगत नाही. स्नेही बोलता बोलता एकदा अडखळले, आणि शांतता लांबली तशी घाईने म्हणाले, “ताई, ऐकू येतंय ना?” उत्तर आले, “येतंय काका. तुम्ही थांबलात, म्हणून मीही थांबले.”

पहिल्या एक-दोन भेटींत एखादी प्रश्नावलीही पुढे येते. पीएचक्यू-९ या नावाची प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांचा त्रास किती वेळा झाला असे नऊ प्रश्न, प्रत्येकास शून्य ते तीन गुण, कमाल बेरीज सत्तावीस. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा असतो आणि तो सर्वांनाच विचारतात, म्हणून दचकू नये, आणि खोटेही लिहू नये. बेरीज म्हणजे निदान नव्हे. पुढे सुधारणा झाली की नाही हे पाहण्यास ती उपयोगी पडते. बेरीज मोठी आली, किंवा झोप व भूक अगदीच गेली असली, तर चांगला समुपदेशक मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवतो. यात आपला कोणी त्याग केला असे समजू नये.

आणि सल्ल्याची अपेक्षा करू नये, हे सांगणे मला सर्वांत जड जाते, कारण आपल्या समाजात सल्ला न देणारा वडीलधारा आणि औषध न देणारा डॉक्टर हे दोघेही फुकट समजले जातात. त्याऐवजी गृहपाठ मिळण्याचा संभव असतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी आपल्या लेखनातून मराठी वाचकांच्या परिचयाची केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अनुसरणारा समुपदेशक असेल, तर प्रसंग, त्यावर मनात आलेला विचार, आणि त्यातून उपजलेली भावना यांची नोंद ठेवायला तो सांगेल. स्नेह्यांना रात्रीच्या झोपेची वही ठेवायला सांगितली गेली. ती त्यांनी रकाने आखून, लाल शाईत तारखा घालून ठेवली आहे. ज्यांना फी परवडत नाही, किंवा ज्यांची रात्र पुढच्या गुरुवारच्या भेटीपर्यंत थांबणारी नाही, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

समुपदेशक न रुचल्यास तसे त्याला सांगण्याची मुभा असते, हे मात्र कोणत्याही संमतिपत्रात ठळक अक्षरांत छापलेले मी पाहिले नाही. आपण डॉक्टर बदलतो, पण त्याला न सांगता. ते तोंडावर सांगणे टाळण्यासाठी घर बदलावे लागले तरी चालेल. स्नेह्यांचा पिंड सरकारी दप्तराचा असल्याने त्यांनी काही भेटींनंतर रीतसर तक्रारच मांडली: “ताई, तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावता. मी बरोबर बोलतोय, की तुम्ही माझी समजूत काढताय, हेच कळत नाही.” बाईंनी ती लिहून घेतली आणि विचारले, “घरी असं कोण करतं, काका?” त्यावर बराच वेळ विचार करून ते म्हणाले की तेराव्यापासून सगळेच, आता त्यांना कोणी उलट बोलत नाही, उलट बोलणारे एकच माणूस होते. उरलेला सारा तास त्या एका वाक्यावर गेला, आणि त्याच संध्याकाळी, फी मुलीने भरू नये असे तिला कळवून, त्यांनी पुढच्या दोन भेटींचे पैसे स्वतःच्या निवृत्तिवेतनातून आगाऊ भरले.