माघारीचा मुहूर्त

प्रवासाला निघण्याचा मुहूर्त पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु परत फिरण्याचा मुहूर्त आधीं ठरवून निघालेला प्रवासी विरळाच. ज्या प्रदेशांत आभाळाचा भरंवसा नाहीं आणि कोसच्या कोस मनुष्यवस्ती नाहीं, तेथें या दोहोंपैकीं दुसराच मुहूर्त अधिक महत्त्वाचा असतो, हें या महिन्यांत आम्हांला सांगावयाचें आहे.

निमित्त एका पत्राचें. आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे. येत्या फेब्रुवारींत त्याचे आईवडील येथून त्याच्याकडे जावयाचे असून, त्यांना व मुलाबाळांना घेऊन ‘डेथ व्हॅली’ नांवाच्या वाळवंटी खोऱ्यांत चार दिवस मोटारीनें हिंडावें, तंबूंत राहावें आणि घळींतून पायीं फिरावें असा त्याचा मनोदय आहे. तेथील हवा बेभरंवशाची असल्याचें कानीं आल्यामुळें, बेत ठेवावा कीं सोडावा, असें त्यानें विचारलें आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें आज त्या देशांत आहेत. म्हणून उत्तर खाजगी न ठेवतां येथेंच देतों.

प्रथम त्या भूमीचें स्वरूप पाहूं. डेथ व्हॅली कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगास, नेवाडा राज्याला लागून आहे. तिच्यांतील बॅडवॉटर हें ठिकाण समुद्रसपाटीच्या खालीं २८२ फूट, तर खोऱ्याच्या पश्चिम कडेचें टेलिस्कोप शिखर ११,०४९ फूट उंच! तेव्हां फेब्रुवारीच्या एकाच दुपारीं खालीं नुसता सदरा पुरेसा व्हावा आणि वर बर्फ असावें, हें तेथें नवलाचें नाहीं. उन्हाळ्यांत मात्र तें खोरें म्हणजे भट्टी होय. १० जुलै १९१३ रोजीं तेथें १३४ अंश फॅरनहाइट उष्णता नोंदली गेली. जागतिक हवामान संघटनेच्या दफ्तरीं आजही तोच उच्चांक आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग सिएरा नेवाडा व तिच्या पूर्वेच्या पर्वतरांगांवर रितें होतात आणि पलीकडे कोरडे वारे तेवढे उतरतात. महाबळेश्वरीं दोनशें इंचांवर पाऊस पडावा आणि पूर्वेकडील देशावर शेतकऱ्यानें आभाळाकडे डोळे लावून बसावें, तोच हा पर्जन्यछायेचा न्याय. फरक प्रमाणाचा: डेथ व्हॅलींत सबंध वर्षाचा पाऊस सरासरीनें दोन इंचांच्या आसपास असतो.

दोन इंच पाऊस म्हटल्यावर कोंकणांतल्या वाचकास हंसूं येईल. परंतु पावसाचें भय इंचांवर ठरत नसून भूमीवर ठरतें. तेथें माती धरून ठेवणारें गवत नाहीं, पाणी पिणारी काळी जमीन नाहीं. उन्हानें भाजलेल्या उघड्या डोंगरांवर पडलेला थेंब जिरत नाहीं. तो घळींत धांवतो आणि चिखल व धोंडे घेऊन थेट रस्त्यावर येतो. ५ ऑगस्ट २०२२ रोजीं दीड इंचाहूनही किंचित् कमी पाऊस झाला, तर सुमारें एक हजार माणसें खोऱ्यांत अडकून पडलीं आणि कित्येक मोटारी राडारोड्यांत रुतल्या. पुढल्याच वर्षीं, २० ऑगस्ट २०२३ रोजीं, ‘हिलरी’ वादळाच्या अवशेषांनीं वर्षाचा पाऊस एका दिवसांत ओतला. त्यानंतर तें राष्ट्रीय उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावें लागलें. हिवाळाही अगदींच निर्धोक नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्यें पॅसिफिकवरून आलेल्या पावसानें बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानांत साचलेल्या तळ्यास पुन्हां भर आली आणि लोकांनीं तेथें छोट्या होड्या वल्हविल्या!

याहून मोठा धोका असा कीं, पाऊस डोक्यावर पडलाच पाहिजे असें नाहीं. ॲरिझोनांतील अँटेलोप नांवाच्या चिंचोळ्या घळींत १२ ऑगस्ट १९९७ रोजीं अकरा प्रवासी वाहून गेले. पाऊस झाला होता तो कित्येक मैल दूर. म्हणून घळींत शिरण्यापूर्वीं डोक्यावरचें आभाळ पाहून भागत नाहीं. त्या घळीला पाणी पुरविणाऱ्या डोंगरांवर काय चाललें आहे तें पाहावें लागतें. आणि कोरड्या ओढ्याची मऊ वाळू कितीही निमंत्रण देवो, तंबू तेथें ठोकूं नये.

आतां मोटारीविषयीं. चारही चाकांना एंजिनाचा जोर मिळणारी, पोट जमिनीपासून उंच असलेली मोटार घेतली म्हणजे वाळवंट जिंकलें, असा तरुणांचा समज असतो. वस्तुतः अशी मोटार संकट टाळतेच असें नाहीं. पुष्कळदां ती माणसाला संकटाच्या अधिक आंत नेऊन सोडते. पत्रलेखकास ‘रेसट्रॅक’ पाहावयाचा आहे. तें एक कोरडें तळें असून त्याच्या तळावर धोंडे आपोआप सरकल्यासारखे लांबच लांब रेघा ओढीत जातात. उथळ पाण्यावर रात्रीं बर्फाचे पातळ पत्रे धरतात, सकाळीं ते फुटतात आणि मंद वाऱ्यानें धोंड्यांना ढकलतात, हें गूढ २०१३-१४ च्या हिवाळ्यांत प्रत्यक्ष निरीक्षणानें उकललें. स्थळ पाहण्याजोगें खरेंच. पण तेथें जाण्यास सत्तावीस मैलांची खडबडीत कच्ची वाट आहे आणि तिच्यावरील धारदार खडी टायर फाडण्याविषयीं प्रसिद्ध आहे. मोबाईल तेथें चालत नाहीं. भाड्याच्या मोटारींच्या करारांत अशा वाटेस बहुधा मनाई असते. म्हणून करार आधीं वाचावा. स्टेपनी पूर्ण आकाराची असावी व ती बदलण्याचा सराव घरच्या अंगणांत करावा. तळें ओलें असेल तर त्यावर पाऊलही टाकूं नये. एका पावलाचा ठसा तेथें वर्षानुवर्षें राहतो.

हितोपदेशांतील तीन मासे आमच्या वाचकांना ठाऊक आहेतच. अनागतविधाता संकट येण्यापूर्वींच दुसऱ्या जलाशयांत गेला. प्रत्युत्पन्नमति जाळ्यांत सांपडल्यावर मेल्याचें सोंग घेऊन निसटला. यद्भविष्य मात्र मेला. शहरांत प्रत्युत्पन्नमतीचें चालून जातें, कारण हांकेच्या अंतरावर दुकान, दवाखाना आणि शेजारी असतो. वाळवंटांत त्याच्या बुद्धीस साधनच मिळत नाहीं. तेथें अनागतविधाताच व्हावें लागतें, आणि तें पुढीलप्रमाणें.

घरीं बसूनच दोन बेत लिहून काढावे: एक कोरड्या हवेचा, दुसरा ओल्या हवेचा. दुसऱ्यांत डांबरी सडक न सोडतां पाहतां येतील अशींच स्थळें असावींत. तो बेत पहिल्याइतकाच मनापासून आंखावा, म्हणजे त्याच्याकडे वळतांना हिरमोड होत नाहीं. उद्यानाचें कार्यालय रस्त्यांची स्थिति जाहीर करीत असतें. ती रोज सकाळीं पाहिल्याशिवाय कच्च्या वाटेस लागूं नये. दर माणशीं दर दिवशीं निदान चार लिटर पाणी घ्यावें व अडकून पडल्यास पुरेल असें एका दिवसाचें अधिक ठेवावें. पेट्रोलचीं ठिकाणें मोजकीं आहेत. टांकी भरलेली असावी. उपग्रहाद्वारें संदेश पाठविणारें छोटें यंत्र जवळ असावें. कोठें जाणार व अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणास कळवावयाचें, हें मागें राहणाऱ्या स्नेह्यापाशीं लिहून द्यावें. वाट अडली तर मोटार सोडून भटकूं नये. शोधणाऱ्यास माणसापेक्षां मोटार लवकर दिसते.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती आमच्या वयाच्या मंडळींना उद्देशून आहे. अशा प्रसंगीं आपण आईवडील एक वाक्य हटकून बोलतों: “आमच्यासाठीं तुमचा बेत मोडूं नका.” मुलाच्या मनांत असतें, आईबाबा पुन्हां कधीं येणार, रजा चारच दिवसांची आहे, पैसे भरलेले आहेत. सुनेला ढग दिसत असतात, पण सासूसासऱ्यांचा हिरमोड नको म्हणून ती गप्प राहते. प्रत्येकजण दुसऱ्याचा विचार करतो आणि परत फिरूं या असें कोणीच म्हणत नाहीं. इतक्या सौजन्यानें भरलेली मोटार मग ओल्या घळीकडे जाते. आपल्या घरांतील हा गुण एरव्हीं कितीही गोड असला, तरी वाळवंटांत तो घातक आहे.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीं सर्वांदेखत एक नियम करावा: आठ वर्षांच्या नातवापासून सत्तरीच्या आजीपर्यंत कोणीही एकानें “परत फिरूं या” म्हटलें, कीं मोटार फिरलीच पाहिजे, कारण विचारावयाचें नाहीं आणि मागाहून टोमणा मारावयाचा नाहीं. तसेंच दुपारच्या अमुक वाजेपर्यंत पोंचलों नाहीं, अथवा डोंगरावर काळें दिसलें, तर कोणी न म्हणतांही फिरावयाचें. घरीं शांत चित्तानें घेतलेला निर्णय वाटेवरच्या उत्साहानें पुन्हां उकरूं नये.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास उत्तर इतकेंच: बेत सोडूं नये, फेब्रुवारी हा ऋतु त्या खोऱ्यास चांगला आहे, मात्र माघारीचा मुहूर्त लिहून खिशांत ठेवावा. सहलीचा वृत्तांत त्यानें अवश्य धाडावा. रेसट्रॅक पाहावयास न मिळतां सर्व मंडळी अर्ध्या वाटेवरून सुखरूप परतलीं असतील, तरी तो आम्हांस तितकाच हवा आहे.