महाराष्ट्राचा संघ म्हणजे नेमका कोणाचा?

महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचा इतिहास सांगायला बसले की गोष्ट ठरलेली असते. प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. कर्तबगारी खरी आहे. पण इतिहास एवढाच का?

१९७३ साली त्याच पुण्यात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे पहिल्या दिवसापासून महाराष्ट्राच्या मुली मैदानात हजर होत्या! पुण्याच्या शुभांगी कुलकर्णीने १९७६ साली भारतीय स्त्रियांच्या पहिल्याच कसोटीत एका डावात पाच बळी घेतले. या मुलींनी रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यांतून देश पालथा घातला. नियामक मंडळाने स्त्रियांचे क्रिकेट आपल्याकडे घेतले ते २००६ साली. तोवर तेहतीस वर्षे खेळाडूंनी आणि मोजक्या कार्यकर्त्यांनी पदरमोड करून खेळ जगवला. संघाच्या गौरवगाथेत हे पान का गाळले जाते?

आता परभणीकडून पाहू. मुंबई आणि विदर्भाचे संघ वेगळे. उरलेल्या जिल्ह्यांचा तो ‘महाराष्ट्र’. म्हणजे कागदोपत्री जिंतूर, सोनपेठ, गंगाखेडची मुलगीही या संघाची वारस. निंबाळकर ती खेळी खेळले तेव्हा आमचा जिल्हा निजामी राजवटीतून सुटून जेमतेम तीन महिने झाले होते. मराठवाड्याच्या वाट्याला सगळे उशिरा येते. मराठवाड्याच्या मुलीच्या वाट्याला त्याहून उशिरा.

“मुली खेळायला येतच नाहीत,” असे आम्हाला ऐकवले जाते. येतील कशा? सकाळी पाणी-भाकरी, वेचणीच्या दिवसांत कापूस, आणि संध्याकाळी मैदान मुलांचे. पुण्याला जायचे तर रात्रभराचा प्रवास. सोबत कोण, भाडे कोणाचे? बॅट मागितली की घरात स्थळे पाहायला सुरुवात!

तरी मुली पुढे येतात. सांगलीची स्मृती मानधना आली. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे आली. २०२२ मध्ये तिने एका टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा काढल्या, पण त्या नागालँडकडून. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांना आमचा सवाल आहे : तुमच्या गावच्या मैदानावर मुलींची वेळ कोणती?

मैत्रिणींनो, सत्कार-समारंभ पुरे झाले. प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर मुलींसाठी राखीव तास, तिथे स्वच्छ संडास, जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींची निवड चाचणी आणि येण्याजाण्याचे भाडे, एवढे मागू या. ग्रामसभेत मागू या, क्रीडा कार्यालयात मागू या. जिल्ह्यात खेळावर होणाऱ्या खर्चातला मुलींचा वाटा किती, याचा लेखी हिशेबही मागू या.

मैदान गावाचे आहे, आणि गावात आपणही राहतो!