डीजेला चौक मोकळा, सुरांना घर नाही

वऱ्हाडात आज आवाजाला तोटा नाही; तोटा आहे तो संगीताचा. गणेशोत्सवाची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की पुढाऱ्याचा वाढदिवस. अमरावती काय आणि अकोला काय, ट्रकवर रचलेल्या डीजेच्या भिंतींपुढे घरांची तावदाने थरथरतात आणि वृद्ध माणसे कानांत बोळे घालून बसतात. मात्र याच शहरांतील एखाद्या संगीत विशारद मुलीला, किंवा गिटार आणि ढोलकी एकत्र आणून स्वतःची मराठी गाणी बांधणाऱ्या चार तरुणांच्या बँडला, दरमहा दीडशे जाणत्या श्रोत्यांपुढे कला सादर करायची असेल, तर त्यांनी जावे कुठे? या प्रश्नाला येथील समाजधुरीणांपाशी उत्तर नाही. नादाला ब्रह्म मानणाऱ्या समाजाला हे खचितच भूषणावह नाही.

ही भूमी सुरांना कधीच पारखी नव्हती. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे जागी केली. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, ते या भजनांची ताकद ओळखूनच. विश्व हिंदू परिषदेच्या १९६४ मधील स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहत, तेव्हा श्रोता हाच त्यांचा साथीदार होई. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ हे नाटक १९२७ साली बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून वऱ्हाडी लेखणीचे तेज महाराष्ट्रभर पोहोचले. जयंती-पुण्यतिथीला या नावांचा गजर होतो. पण या परंपरेचा पुढचा दुवा घडावा कुठे, याचा विचार कोणी करीत नाही.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत संगीत हा पदवीचा विषय आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले-मुली बसतात, उत्तीर्ण होतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात. त्यानंतर काय? अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह ही मोठ्या कार्यक्रमांची ठिकाणे. नवशिक्या कलावंताला ती पेलणारी नाहीत आणि त्याचे मोजके श्रोते तेथे हरवून जातात. कलावंत घडतो तो लहान खोलीत, जाणकाराच्या डोळ्यासमोर, चुकत आणि सावरत. ती खोलीच या शहरांत नाही. परिणामी गुणी मुले पुण्या-मुंबईची वाट धरतात किंवा तानपुऱ्यावर खोळ चढवून नोकरीला लागतात. वरातीपुढे वाजवणाऱ्या बँडपार्ट्यांची दशा याहून वाईट आहे. क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी घरे डीजेने देशोधडीला लावली.

‘क्लब’ म्हणजे मद्य नव्हे

अशा जागेला ‘म्युझिक क्लब’ म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी कोल्हापूरकडे पाहावे. तेथील गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. नावात क्लब असूनही या संस्थेत रागदारीच नांदली. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी तर संगीत दरबाराच्या भिंतींबाहेर काढले, तिकीट लावून सामान्यांपुढे मांडले आणि १९०१ साली लाहोरला समाजाच्या बळावर गांधर्व महाविद्यालय उभे केले. राजाश्रय संपत असताना लोकाश्रय उभा करण्याची ही दूरदृष्टी होती.

याउलट मुंबईत २००७ साली थाटामाटात उघडलेला ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब पाहा. देशोदेशीचे बँड तेथे वाजले, परंतु २०१६ मध्ये तो बंद झाला. लोअर परळच्या भाड्याचा आणि मद्याच्या पेल्यांचा हिशेब ज्या घराला जुळवावा लागतो, त्या घरात संगीत हे पाहुणेच असते. वऱ्हाडला हवे आहे ते सभासदांच्या वर्गणीवर चालणारे संगीतघर. तीनशे कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर तीस हजार रुपये जमतात, आणि प्रत्येकी पंधरा हजारांत दरमहा दोन मैफली होऊ शकतात. ज्या शहरांत एका रात्रीच्या डीजेसाठी हात सैल सुटतो, तेथे ही रक्कम जड कशी?

कायद्याचे कारणही टिकणारे नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील ध्वनिवर्धकबंदी उचलून धरली. पण हे नियम बंदिस्त सभागृहाला, आवाज आतल्या आतच राहणार असेल तर, मोकळीक देतात. म्हणजे जे चौकात बेकायदेशीर आहे, ते चार भिंतींआड, ध्वनिरोधक दारामागे, पूर्णतः वैध आहे. मग चौकातला गोंगाट कानाआड करणाऱ्या आणि सभागृहाच्या मागणीला केराची टोपली दाखवणाऱ्या महापालिकांना काय म्हणावे?

आरसा आपल्याही हाती

तथापि सर्व दोष प्रशासनाच्या माथी मारणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. विघ्नहर्त्यापुढे चित्रपटातील उत्तान गाणी वाजवणारी मंडळे कोणा परकीयाची नाहीत, ती हिंदू समाजाचीच आहेत. पाश्चात्त्य सांस्कृतिक आक्रमणावर व्यासपीठ गाजवणारे कार्यकर्ते त्याच मिरवणुकीच्या अग्रभागी असतात. स्वतःच्या हाताने वाद्य वाजवणारा, मग ते गिटार का असेना, तरुण हा साधक आहे; त्याला बाहेरचा ठरवून बटण दाबणाऱ्या डीजेला आपला मानणे ही शुद्ध आत्मविस्मृती होय. व्हायोलिन आणि हार्मोनियम यांनाही याच समाजाने एके काळी पचवले होते.

अमरावतीने १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक थेट बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय व्यायामाचे दर्शन घडवून आले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता बलोपासनेचे घर बांधणारे हे शहर नादोपासनेचे घर बांधू शकत नाही, असे कोण म्हणेल? यंदाच्या गणेशोत्सवात अमरावती आणि अकोल्याच्या प्रत्येकी दहा मंडळांनी डीजेची रक्कम बाजूला काढावी आणि आपल्याच गावच्या कलावंतांसाठी एक लहानसे सभागृह वर्षभरासाठी घ्यावे. गणपती हा चौसष्ट कलांचा अधिपती आहे; त्याला याहून योग्य नैवेद्य दुसरा नाही.